वीस पौंडांचं बार्बेक्यू

रविवार, ६ ऑक्टोबर

पुन्हा तेच! अकरा वर्षं झाली एका घरात राहून, तरी ऑर्विलला तीच चेष्टा सुचते. "शेगडी नाही, निखारे नाहीत, धूर नाही — आणि म्हणे बार्बेक्यू! अगं, खिमा आहे हा, पावात भरलेला. इथे आयोवात याला टॅव्हर्न म्हणतात." एवढं म्हणून तिसरा पाव उचलला. रस कोपरापर्यंत ओघळला. मी म्हटलं, आमच्या नॉर्थ डकोटात याला बार्बेक्यूच म्हणतात, आणि नावं ठेवत तूच चार-चार हाणतोस!

मग मी लग्नाचं काढलं. "मका काढून झाला की बघू." अकरा वेळा मका निघाला याचा.

त्याची मुलगी जोलीन आली होती. दारातूनच गेली. माझ्या हातचं खात नाही ती. तिच्या आईच्या टॅव्हर्नमध्ये म्हणे साखर नसायची. फिलिसला जाऊन चौदा वर्षं झाली. मेलेल्या बाईशी मी काय भांडू?

उरलेलं डब्यात भरलं, वर पट्टी चिकटवली — 'ऑर्विल, मंगळवार'.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ऑर्विल गेला. सकाळी. एक बूट पायात, एक हातात.

बुधवार, ९ ऑक्टोबर

जोलीनने पाद्र्याकडे जाऊन सगळं ठरवलं. शनिवारी अकराला अंत्यविधी, मग चर्चमध्येच जेवण. पेपरातल्या बातमीत मुलगी, जावई, दोन नाती, स्वर्गवासी पत्नी फिलिस. कुत्र्याचंसुद्धा नाव आहे! माझं नाही.

दुपारी आर्डिसचा फोन. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. "अगं, तुझी अवस्था कळते गं मला... पण शनिवारच्या जेवणाला वीस पौंड खिमा करशील का? तुझ्याइतका कुणाला जमत नाही." आणि मी हो म्हणून बसले! जिभेला काही हाड?

इथली रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे — ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी रांधायचं नसतं. त्यांनी पहिल्या बाकावर बसायचं आणि आधी जेवायचं. रांधायचं बाकीच्या बायकांनी. म्हणजे मी बाकीची. आर्डिसने मुद्दाम केलं की भोळेपणी, देव जाणे. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. चहा तीनदा केला, तीनदा ओतून दिला.

गुरुवार, १० ऑक्टोबर

जोलीन त्याचा सूट न्यायला आली. मी वर जाऊन इस्त्री केली, टाय शोधला. खाली आले तर फ्रिज उघडा, आणि ती त्याच्यासमोर उभी! हातात तो डबा. थंडगार, घट्ट झालेला खिमा चमच्याने खात होती. चमचा वाजत होता डब्याच्या तळाशी.

मला बघून दचकली. "गोड आहे," म्हणाली.

"तुझ्या बाबांना आवडायचं," मी म्हटलं.

"मला म्हणायचे, तुझ्या आईसारखंच आहे. खोटारडे!" — आणि हसली की रडली, काही कळलं नाही. पट्टी सोलून खिशात घातली, डबा धुवून ठेवला आणि सूट घेऊन गेली.

त्याने तिला असं सांगितलं? आणि मला? कधी एक शब्द नाही! जिवंत असता तर चांगला झापला असता.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सकाळपासून खिमा. दोन मोठी पातेली. परतला, चरबी निथळली, कांदा, केचप, मोहरीचा सॉस, टोमॅटो सुपाचे डबे. साखरेवर हात अडला. गावभरचे लोक जेवणार, सगळे फिलिसला ओळखणारे. पाव तास पळी धरून उभी राहिले. मग घातली! चांगली मूठभर. शेवटचं आहे, त्याला आवडायचं तसंच होईल.

पण उद्या बसू कुठे? मागच्या बाकावर बसले तर लोक बघणार, तळघरात राहिले तर तो मला न भेटताच जाणार. काळा ड्रेस आणि ॲप्रन, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेत. मी काय त्याची मोलकरीण होते का रे, ऑर्विल?

शनिवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

ॲप्रन बांधून पातेली गाडीत ठेवायला निघाले, तर दारात जोलीन. पातेलं हातातून ओढूनच घेतलं. "बार्बेक्यू मी आर्डिसला देते. तू कपडे बदल. घरच्यांनी रांधायचं नसतं, माहीत नाही का तुला?"

बार्बेक्यू म्हणाली. टॅव्हर्न नाही.

बाहेर गाडीत थांबलीय. काळा ड्रेस घालते.