झोपलेल्या वैमानिकाबाबत

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या घडवण्यात हयात घालवलेली अविवाहित बाई, डोके ठिकाणावर असताना व कोणी हात धरून लिहवून घेत नसताना हे लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या भावजयीला. धाकटा भाऊ गेल्यावर ती माझ्यापाशीच राहिली. चुलत-मावस कोणीही यात नाक खुपसू नये.

२. कवळ्यांचे साचे व हत्यारे शेजारच्या दंतवैद्याला. घाई हा त्याचा जुना रोग आहे. हत्यारांना तो लावू नये.

३. आमचा शनिवारचा खेळ. वकिलांना समजावे म्हणून सांगते: जेवणाच्या टेबलाभोवती बसून आम्ही एका अंतराळयानाची गोष्ट खेळतो. प्रत्येकाचे एक पात्र, नशीब फाशांवर. खेळ मी चालवते. ग्रह, संकटे, यानातले आवाज, सगळे माझ्या तोंडून. धाकट्याचे पात्र वैमानिकाचे होते.

घरचा नियम असा की, जो हजर नाही त्याचे पात्र यानातल्या शीतपेटीत झोपलेले धरायचे आणि झोपलेल्याला कोणी हात लावायचा नाही. धाकट्याला इस्पितळात नेले तेव्हा आम्ही वैमानिकाला झोपवले. धाकटा परत आला नाही. वैमानिक झोपूनच राहिला.

मग यानावर हवा कमी पडली. फासेच तसे पडले. आमच्यातला कंपाउंडर म्हणाला, "झोपलेलाही श्वास घेतो. ती एक पेटी बंद केली तर बाकीचे वाचतील."

कधीही न खेळलेली भावजय आतून कपड्यांच्या घड्या टाकून आली आणि धाकट्याच्या खुर्चीवर बसली.

"वन्सं, त्याला मी उठवते."

"उठवणाऱ्याने शेवटपर्यंत निस्तरायचं असतं."

"तेच करायला आलेय."

तिने वैमानिकाला उठवले. त्याच्या वतीने म्हणाली, "हवा तुम्हाला राहू द्या. मी बाहेर जातो." मी विचारले, "नक्की?"

"इस्पितळात मला दारातच थांबवलं होतं," ती म्हणाली. "इथं तरी पोचवू द्या."

तिने यानाचे दार उघडायला फासा टाकला. वैमानिक गेला. आमच्या खेळात मेलेला परत येत नाही.

पुढच्या शनिवारी रिकाम्या पेटीतून श्वास ऐकू आला. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण आवाज काढणारी मीच. मी तोंड उघडले नव्हते. भावजय म्हणाली, "तो असाच घोरतो," आणि फासे पुढच्याकडे सरकवले. तो आवाज अजून येतो. कोणी खेळ सोडलेला नाही.

४. माझ्यामागे खेळ भावजयीने चालवावा. कंपाउंडर तेव्हा चुकला नव्हता, हे मला कळते. तरी माझी खुर्ची त्याला देऊ नये.

५. खेळ चालवणारीला पात्र नसते, म्हणून मला झोपवून ठेवण्याची सोय नाही. तशी कोणी करूही नये. पेटीतून दोघांचा श्वास येऊ लागला तर यान थांबवू नये. ज्याची पाळी असेल त्याने फासा टाकावा.

माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ११ जून २०२२ रोजी, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

(सही)

साक्षीदार:
१. शनिवारी खेळायला येणारी शिक्षिका (सही)
२. कंपाउंडर (सही). याला काही दिलेले नाही, म्हणून साक्षीला चालतो.