हॅदरस्टोकसाहेबांचं मूळ गाव

९ नोव्हें. ०८
ऑफिसच्या पार्टीत माती खाल्ली. मोठ्या साहेबांना, हॅदरस्टोकना, सवयीनं विचारून बसलो, सर, तुमचं मूळ गाव कुठलं? लग्नाच्या पंगतीत विचारतात तसं. गडी खूश! आडनाव सातशे वर्षांचं म्हणे. साठीनिमित्त त्याचा इतिहास छापायचाय. "यू राइट इट!" झालं. इतके दिवस कंपनीची ब्रोशर्स लिहीत होतो, आता यांचा भाट.
घरी बायको, वीणा, म्हणते, "लिही मुकाट्यानं. माणसं कमी करतायत, साहेबांच्या डोळ्यांसमोर राहा."

२३ नोव्हें.
मंदी दुबईतही पोचली. जेएलटीत, ऑफिसच्या समोरच्या टॉवरचं काम बंद. आमच्या मजल्यावर अर्धी टेबलं रिकामी. आणि मी इंग्लंडातली जुनी दप्तरं वाचतोय!
हॅदरस्टोक हे गाव. म्हणजे आपल्या पळसगावकरसारखंच. पण गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? बाहेर पडला की परके म्हणतात, तो हॅदरस्टोकचा. यांचा मूळपुरुष वेठबिगार. धन्याच्या जाचाला कंटाळून शहरात पळालेला. मला तर आवडला बुवा.

७ डिसें.
साहेबांनी वाचलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "हबीबी, इट्स अ बर्थडे!" किल्ला पाहिजे. ढाल, सिंह वगैरे.
दुपारपर्यंत टाकला किल्ला. सिंहही टाकला. वेठबिगार काढला. शी! स्वतःचीच किळस आली.
सईनं मागून वाचलं. "बाबा, इज दॅट ट्रू?" म्हटलं, अभ्यास कर.

१४ जाने. ०९
साठी. साहेब माझंच वाक्य वाचत होते: हॅदरस्टोकांनी आपल्या माणसांना कधी वाऱ्यावर सोडलं नाही. टाळ्या. मीही वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

१८ जाने.
एचआरच्या बाईंनी बोलावलं. खलास. टेबलावर माझं पुस्तक, किल्ल्यावर कॉफीचा मग. बाई बिचाऱ्या 'सॉरी सॉरी' करत होत्या. साहेब काचेपलीकडे फोनवर. मान वर केली नाही. एवढी लाचारी केली आणि मिळालं काय, डोंबल! थू.

४ फेब्रु.
रुवैसच्या रिफायनरीत इंटरव्ह्यू देऊन आलो. "इन्शाल्ला, वी विल कॉल." व्हिसाची मुदत संपत आलीय. वीणानं भांडी बांधायला घेतली, पुन्हा सोडली. सईचा जन्म इथला, पुणं तिला फक्त सुट्टीतलं माहीत.
संध्याकाळी पुण्याहून आक्काचा फोन, स्पीकरवर. "या रे खुशाल. सोसायटीत सांगून ठेवलंय, आमचे दुबईकर येतायत!"
सई म्हणाली, "बट नोबडी कॉल्स अस दॅट हिअर."
"इथं राहतोय तोवर कोण कशाला म्हणेल?" मी म्हटलं. ती उठून खोलीत गेली, दार लावून घेतलं.
रुवैसचा फोन अजून नाही.