घुमटीमागचं वानर

प्रिय गौरवी बाय,

जावईबापूंचा केरीहून फोन आला होता. सोमवारी तू राजीनामा देणार म्हणे. स्वतःच्या आईचा आजार ज्या नर्सला ओळखता आला नाही, ती दुसऱ्यांचे काय ओळखणार, असं म्हणतेस. फोनवर माझी जीभ उचलली नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र सोमवारच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे, आणि पोस्टाचा काय भरवसा? सर्वेशकडे देतो. माझ्याशी बोलत नसला तरी बहिणीचं पत्र तो पोचवील.

घरी सगळं आहे तसंच आहे. पाववाला पोदेर आला की सवयीने सहा पाव घेतो आणि चार उरतात. काजूच्या बोंडांचा वास सुटला आहे, घरात बसवत नाही. हसशील तू, पण डोंगराकडे पाठ करून मी आता बसूच शकत नाही. मागे कोणीतरी कळशी टेकवल्याचा आवाज येतो. वळून बघतो तर अंगण रिकामं. तुझी आई होती तेव्हा तिच्या कळशीचा आवाज मी कधी ऐकला नाही, आता दिवसभर कान तिकडेच.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी शिगमा संपला त्या आठवड्यात आपल्या काजूच्या डोंगरावर वानर मरून पडलं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या दोडामार्गच्या भिकाजीने मला हाक मारली. वानर म्हणजे साक्षात मारुती, त्याला उघड्यावर कसं टाकायचं? वाडवडिलांची रीत. आम्ही दोघांनी त्याला उचलून देवाच्या घुमटीमागे आणलं. आईने त्याचं डोकं मांडीवर घेऊन आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, माझा कोरा पंचा पांघरला. मी नारळ फोडला. पाणी पडलं तशा त्याच्या कानामागून गोचड्या उतरायला लागल्या, तिळाएवढ्या. तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली मी, मला गोचडी कळत नाही होय? अंग थंड पडलं की ती दुसरी ऊब शोधते. कळलं सगळं, आणि मुकाट्याने खड्डा बुजवला.

मेलेल्या माकडाला हात लावू नये, ताबडतोब कळवावं, हे परिपत्रक दवाखान्याच्या भिंतीला मीच डकवलं होतं. डकवताना वाटलं, माकड जंगलखात्याचं, गोचडीतून माणसाला होणारा माकडताप आरोग्यखात्याचा, आपलं काम गाईम्हशींचं. एका घरात तीन खाती, बाय! सर्वेश वनरक्षक, तू नर्स, मी गुरांकडचा. तू माहेरी आलीस की एका पंगतीला हुमण-भात जेवायचो आपण. डोंगरावर वानर मेलं, एवढंच कोणीतरी बोलायचं होतं. पण कळवलं की ऐन हंगामात डोंगर बंद होणार, आणि सर्वेशच्या हद्दीत त्याच्याच बापाने वानर लपवून पुरलं म्हणून त्याची चौकशी लागणार. नोकरी नवी त्याची. जळो ते माझं शहाणपण.

सहाव्या दिवशी आईला ताप भरला. भिकाजीला काही झालं नाही, मलाही नाही. मला का सोडलं, हे त्या घुमटीसमोर उभं राहून मी किती वेळा विचारलं असेल.

गेल्या मंगळवारी परत एक वानर पडलं. या खेपेला मी फोन केला. आमचे डॉक्टर, जंगलवाले आणि तुमच्या आरोग्यखात्याची माणसं एकाच जीपमधून उतरली. हातमोजे घालून त्यांनी नमुने घेतले, फवारणी केली, वाड्यावर घरोघर गोचडी चिकटू नये म्हणून हातापायांना लावायचं तेल वाटलं, कोणाला ताप आहे का ते विचारलं. दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं. एवढंसं काम होतं ते! मला रडू आवरेना. मग घुमटीमागची जागा मी सगळ्यांसमोर दाखवली. सर्वेश तिथेच होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. साधा ताप समजून आईला दोन दिवस घरी ठेवलं, गोळ्या देत राहिले, असं म्हणत तू वर्षभर स्वतःला खाते आहेस. पण त्या दिवशी आलीस तेव्हा पायातली चप्पलही न काढता तू मला विचारलं होतंस, "बाबा, डोंगरावर माकड मेलंय का? आईने हात लावला का?" पलंगाच्या पायथ्याशी सर्वेश उभा होता. तापात डोळे मिटून पडलेल्या तुझ्या आईने ते ऐकलं आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही." माझा शब्द खोटा पडू नये म्हणून ती काही बोलली नाही. डोळे परत मिटून घेतले तिने. वेळेत नेली असती तर वाचली असती की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण तू ओळखलं होतंस, बाय. पहिल्या क्षणी ओळखलं होतंस. मला काय शिक्षा द्यायची ती दे, घरी येऊ नकोस हवं तर. सोमवारी मात्र कामावर जा.

तुझाच, तू अजून म्हणशील तर बाबा,
सगुण