तबेल्याच्या दाराची दोरी

बाबा, त्या रात्री घोडी आत नव्हतीच. तू दार बांधलंस ते रिकाम्या तबेल्याचं. एवढं सांगायला मला तेवीस वर्षं लागली, आणि त्यातली शेवटची अकरा तर तू ऐकायलाही नव्हतास.

दुसऱ्या दिवशी मला बघायला सानपाड्याहून पाहुणे यायचे होते. मुलगा नोकरीवाला, घर सोसायटीतलं. आई पोह्यांची तयारी करत होती आणि मी घरभर वास घेत फिरत होते. नावड्याच्या आपल्या घरात आणि तबेल्यात एकच भिंत. लिदीचा वास तुझ्या शर्टाला, माझ्या केसांना, उशांना. शाळेत मुली मला ‘वरातवाली’ म्हणायच्या. पनवेलपासून वाशीपर्यंत किती नवरदेव आपल्या पांढऱ्या घोडीवर बसून गेले असतील, पण त्यांच्यातल्या एकाला तरी घोडीवाल्याची पोरगी बायको म्हणून चालेल, हे मला पटत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, एक रात्र तिला गुरचरणीवर राहू दे. सकाळी तबेला फिनाइलने धुवायचा, पाहुणे गेले की तिला आणायचं. घोडीच ती, गवतावर एक रात्र काढली तर काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं.

तू तापाने फणफणून आत पडला होतास. तिन्हीसांजेला ती नेहमीसारखी आपणहून दारात आली. तिच्या चंदीची, भिजवलेल्या हरभऱ्याची वेळ झाली होती. मी तिचं तोंड फिरवलं आणि तिला गुरचरणीच्या वाटेला लावलं. ती दोनदा परत आली. दुसऱ्यांदा मी तिला काठी मारली. तू आयुष्यात तिला काठी लावली नव्हतीस. ती जराशी थांबली, माझ्याकडे बघून मग गेली. आतून तुझा आवाज आला, “आनलीस का गो घोरीला?”

“आनली, बाबा.”

“चंदी खाल्ली तिनं?”

“खाल्ली.”

तेवढ्यात लाइट गेली. तू भिंतीला धरत धरत बाहेर आलास. तबेल्याची कडी मोडून महिना झाला होता, म्हणून दार तू दोरीने बांधायचास, तुझ्या त्या गाठीने. जनावराने जितकं ओढावं तितकी ती आवळत जायची, आणि माणसाने मोकळं टोक ओढलं की क्षणात सुटायची. मी सातवीत असताना तू मला ती शिकवली होतीस. “ही जनावराला सुटत नाय. मानसानंच सोरली पायजे.” त्या अंधारात तू गाठ मारलीस, दारावर हलकी थाप मारलीस आणि म्हणालास, “नीज गो.” मी ओसरीवर उभी राहून ऐकत होते. चार पावलं टाकून तुला सांगायचं होतं, बस. मी आत जाऊन उद्याच्या साडीला इस्त्री झालीय का ते बघितलं.

उजाडता उजाडता दूधवाल्याने गल्लीतून हाक मारली, “घोरी चरात परली!” पाइपलाइनसाठी गुरचरणीच्या कडेने नवा चर खणला होता, ते मला माहीत होतं. तिला हाकलताना तो मला आठवलाही नाही. तू चपला शोधत होतास तेवढ्यात मी तबेल्याकडे धावले आणि दोरीचं टोक ओढलं. एवढंच केलं. दार आपोआप उघडं पडलं. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. जनावरांच्या डॉक्टरने शेवटचं इंजेक्शन देईपर्यंत तू तिचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसून राहिलास. मग घरी आलास, हात धुतलेस, पांढरा शर्ट घातलास आणि अकरा वाजता पाहुण्यांना त्यांच्याकडे पाणी किती वेळ येतं ते विचारत बसलास. मी पोहे घेऊन आले. तुझ्या नखांत चिखल राहिला होता, आणि मला त्याची लाज वाटली.

लग्न ठरलं. वरातीला घोडी पावणे गावाहून आली, दुसऱ्या कुणाची. मुलीचा बाप, डोक्याला फेटा, आणि तू मांडव सोडून त्या घोडीच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघत होतास, फार आवळलाय का म्हणून. तिच्या मालकाने तुला ओळखलं. “तुमची कुठं हाय?” तू म्हणालास, “माजी गाठ सुटली. ज्याची गाठ सुटली त्यानं जनावर ठेवू नये.” मी बोहल्याकडे जाता जाता ऐकलं आणि चालत राहिले. त्यानंतर तू दुसरी घोडी घेतली नाहीस. कंपनीच्या गेटवर वॉचमन झालास.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू विचारलंस, “दोरी कची होती का गो?” मी म्हणाले, “हो बाबा, कच्चीच होती.” तू मान हलवलीस. त्या मान हलवण्यावर मी ही अकरा वर्षं काढली. मी स्वतःला सांगत आले की तुला सगळं माहीत होतं. माणसाचा हात लागल्याशिवाय ती गाठ सुटत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोरीचं लग्न मोडू नये म्हणून तू गप्प राहिलास, आणि जाता जाता मला माफ केलंस. किती सोयीचा करून घेतला मी तुला.

गेल्या रविवारी नावड्याचं घर रिकामं करायला गेले. ते आता बिल्डरला दिलंय. तुझी लाकडी खाट भिंतीपासून ओढली, तर भिंतीकडचा पाय दोरीने घासून घासून अर्धा झिजलेला. दोरी अजून त्याला होती, तबेल्याच्या दाराचीच. तिला तुझी गाठ, टोक मोकळं. बाबा, बारा वर्षं तू भिंतीकडे तोंड करून ती गाठ मारत होतास, ओढून बघत होतास, सोडत होतास, पुन्हा मारत होतास. आपलं कुठे चुकलं ते शोधत होतास. ज्याला माहीत असतं तो असं शोधत बसत नाही. तुला काहीच माहीत नव्हतं. “आनली, बाबा,” म्हणणाऱ्या पोरीवर तू विश्वास ठेवला होतास, आणि स्वतःच्या हातांवरचा तेवढा काढून घेतलास.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तर लिहायची हिंमत झाली. तिथे, त्या खाटेपाशी, ऐकायला जिवंत माणूस उभं होतं. माझी भावजय, तू गेल्यावर घरात आलेली. त्या झिजलेल्या पायावर बोट फिरवत तिने विचारलं, “हा असा कशानं झिजला ओ, ताई?”

मी म्हणाले, “काय माहीत. कपड्यांची दोरी बांधत असतील.”