कानावरची मोहरी

धाराशिव,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

सिद्धारामदादास शिवलीलाचे शरणार्थ.

डबा मिळाला. शेंगाची चटणी झकास होती, आईला सांग. हे पत्र रिकाम्या डब्यात, फडक्याखाली ठेवतेय. बेंबळीच्या स्टँडवर एसटीतून डबा तूच उतरवून घेतोस, म्हणून. फोनवर नको, आई स्पीकर लावते आणि अख्खी गल्ली ऐकते.

एम.एस्सी.चं बरं चाललंय. चिनी वैद्यकाच्या शिबिराचं तुला सांगितलंच होतं. कानावर ठरावीक जागी मोहरीचा दाणा चिकटपट्टीनं लावायचा, दिवसातून पाचदा दाबायचा. मनाची उदासी उतरते, झोप लागते. तू हसला होतास, "फोडणी कानातच घालतीस व्हय गं?" पण हॉस्टेलच्या अकरा मुलींना मी दाणे लावले. बी.ए.ची उमादेवी म्हणाली, "ताई, लई दिसानं झोपले." वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

शिबिरात शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, याची मदत होते, पण दोन आठवड्यांत उदासी हटली नाही तर डॉक्टरकडे जायचंच. मुलींना सांगताना हे वाक्य मी गाळलं. त्या घाबरतील म्हणून, असं स्वतःला समजावलं. खरं तर ते मलाच ऐकायचं नव्हतं.

दादा, माझ्याही दोन्ही कानांना दाणे आहेत. जूनपासून. केस मोकळे सोडते ते त्यासाठीच. इतके दाबलेत की डावा कान चिघळलाय. वाचलेलं कळत नाही. रडूही येत नाही. डबा रिकामा येतो म्हणून आई खूश असते ना? तो माझ्या खोलीतली राजनंदिनी खाते. चटणी झकास होती, हे तिनंच सांगितलं.

मंगळवारी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले आणि कठड्यापाशी उभीच राहिले. उमादेवीनं खालून हाक मारली, "ताई, दाणा पडला, लावून द्या की." म्हणून खाली आले.

आज अकराही जणींना ते गाळलेलं वाक्य सांगितलं. आता तुला सांगतेय.

मी शिकावं म्हणून तू दहावीत शाळा सोडलीस. माझा पदवीचा फोटो अप्पांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. त्या घरात माझं मन आजारी आहे, हे मी कुठं उभं राहून सांगू?

उद्या पहिल्या एसटीनं ये. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. एकटीनं पाय उचलत नाही. तू येईपर्यंत राजनंदिनी माझ्याजवळून हलणार नाही, तसं तिला सांगितलंय.

घरी म्हण, शिवलीलाचा कान दुखतोय. तेही खोटं नाही.

उद्या डबा आणू नकोस. नुसता तू ये.

हा डबा घेऊन एसटी स्टँडवर उभी असलेली तुझी,
शिवलीला