खारट आमंत्रणं

टोंडो, मनिला
१९ ऑगस्ट १९७४

कापिझच्या मातीत जन्मलेल्या माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो!

(मनांग तिबा, या तमाम मंडळींत तू एकटीच आहेस हे मला ठाऊक आहे. पण सभांना बंदी आल्यापासून माझं तोंड गंजत चाललंय. थोरल्या बहिणीने एवढं सोसावं. गुडघे कसे आहेत? पांढरी डुकरीण व्याली का?) आपण 'कापिझचे' म्हटलं की समोरचा मीठ चाचपतो आणि हसत विचारतो, "अंधारात उडता का हो?" जणू आपला अख्खा प्रांत माणसांची काळजं खाणाऱ्या आस्वांगांचा! हा अपमान आणखी किती पिढ्यांनी गिळायचा?

आता तर त्यावर चित्रकथाच निघाली आहे, 'नाइलाजाचा आस्वांग', दर शुक्रवारी. नायक बर्तो आपल्याच कापिझचा. दिवस मावळला की त्याला पंख फुटतात आणि भूक लागते. पण बिचाऱ्याला माणसं खायची नाहीत, म्हणून तो स्वतःला कपाटाला बांधून घेतो आणि सुके मासे चघळत बसतो. आलिंग बेबांगच्या दुकानात हे अंक दोरीला चिमट्यांनी टांगलेले असतात; भाड्याने घ्यायचा, समोरच्या बाकावर वाचायचा, परत टांगायचा. गोदी कामगारांना भर उन्हात तीन तास इतिहास ऐकवणारा मी, दोन शाळकरी पोरींच्या मध्ये बसून वाचू लागलो. (निषेध करायचा तर वाचायला नको?)

शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं असतात. एक धोबीण लिहिते, बर्तोचं लग्न लावा, मग कपाट लागणार नाही. एक जीपवाला म्हणतो, माझी सासू याच्याहून भयंकर आहे आणि तिला कुणी बांधतही नाही. पाद्री होऊ घातलेला एकजण लिहितो, शुक्रवारी मांस सोडून मासे खातो म्हणजे याचा आत्मा तरेल. आणि बाकी सगळ्यांचं एकच, मारून टाका. कापिझचा तो कापिझचाच! माझं डोकं फिरलं. नऊ पानी पत्र धाडलं. त्यातल्या दोनच ओळी छापल्या: 'भूक असून जो खात नाही, त्याच्याहून मोठा माणूस या मनिलात दाखवा.' खाली माझं पूर्ण नाव, गल्ली, आणि मूळ प्रांत: कापिझ.

मनांग, आता कबूल करतो. एकतीस वर्षं या गल्लीत मी शेजारच्या इलोइलो प्रांताचा आहे. माझ्या सोलिंगनेही मरेपर्यंत हे खोटं सांभाळलं. अपमानाविरुद्ध गर्जणारा तुझा भाऊ एवढाच शूर.

अंक आला त्या दुपारीच बाकावरच्या पोरी उठून गेल्या. शेजारच्या लुमिंगला नववा महिना, आणि आस्वांग पोटातल्या बाळावर टपतो म्हणतात; तिच्या सासूने खिडकीला लसणाची माळ बांधली आणि मला म्हणाली, "डासांसाठी हो, मांग तिनो!" (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'मांग' म्हणतात; फौस्तिनोचा मी झालो मांग तिनो.) रविवारी तीच दारात. "एकटेच असता, या की जेवायला." माशाचं सार असं की समुद्र परवडला. सगळं घर घास थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होतं. आस्वांगाला मीठ सोसत नाही, हे तुला मी काय सांगू! वाटी संपवली आणि दुसरी मागितली. लुमिंग म्हणाली, "बघा आई, खाल्लं की!"

"गप गं," सासू पुटपुटली, "काही मुरलेले असतात."

मग परीक्षेला गल्लीच लोटली. सोमवारी सुतार मांग सेलोकडे, मंगळवारी खुद्द बेबांगकडे, असे तीन आठवडे. दवाखान्यातला डॉक्टर रक्तदाब बघून ओरडला, "आजोबा, मिठागर चाटता का?" अंधश्रद्धेवरचं भाषण रोज ओठांवर तयार होतं. पण समोरून कुणीतरी विचारायचं, "अजून वाढू?" सोलिंग गेल्यापासून चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. एकदा तर लुमिंगच्या सासूने माशाचं डोकं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. भाषण घासाबरोबर खाली जायचं.

गेल्या मंगळवारी लुमिंगला मुलगी झाली. दोघी सुखरूप. लसूण उतरला, आणि सासूने भर गल्लीत निकाल दिला, "मांग तिनो माणूसच आहेत. उगाच एवढं मीठ गेलं!" विवेकाचा विजय झाला, मनांग! पोरी बाकावर परतल्या, जो तो आपल्या कामाला लागला. त्याला आज सहा दिवस झाले. दिवस मावळला की मी दोन सुके मासे तळतो आणि खातो. समोर कपाट असतं.

तुझा धाकटा,
फौस्तिनो

ता. क. अंधश्रद्धेविषयी माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

ता. क. संपादकांचा पत्ता मागच्या बाजूला आहे. भगिनी, लेखणी उचल! आजच त्यांना पत्र टाक, खाली पूर्ण नाव आणि कापिझ ठळक लिही. लिही, की फौस्तिनो माझा सख्खा भाऊ, आणि मीठ त्याला लहानपणापासून पचतं, त्यावरून काही ठरवू नका. लसूण घालून बघा म्हणावं. (मीठ डॉक्टरने बंद केलंय.)