एक दाणा, एक मत

३१ ऑक्टोबर १९२४

आधी चूक दुरुस्त करते. धरणाच्या कंपनीच्या कागदावर अंगठा देऊ नका असं आबांना स्पष्ट सांगितलं, असं मी मंगळवारी लिहिलं. खरं म्हणजे ते मी म्हशीला सांगत होते. आबा गोठ्याबाहेर होते. ऐकलं असेल, असं धरून लिहिलं. तसं लिहिणं बरं नव्हे.

धरणाचं पाणी आमच्या भातखाचरांवर येणार. बदली जमीन घोटावड्याकडे, माळावर. अंगठा दिला की गाव सुटलं. मामांनी घरीच शिकवलेली, घरात वाचता येणारी मी एकटी. तेव्हा बोलणं माझंच काम. उद्या नक्की.

१ नोव्हेंबर

बोलले नाही. आबांचं पोट बिघडलं होतं.

पौडच्या मोहिद्दीनचाचांच्या दुकानातून गूळ आला. गुंडाळलेल्या कागदावर अमेरिकेची बातमी. मंगळवारी तिथे प्रेसिडेंटचं इलेक्शन. एक कॅन्डिडेट शेतकरी-कामकऱ्यांच्या बाजूचा, बड्या कंपन्यांच्या विरुद्ध. शिवाय बायकांनाही व्होट. तोच येणार. गूळ चिकटल्यामुळे खालचा मजकूर वाचता आला नाही, पण तो अनुकूलच असावा.

२ नोव्हेंबर

एकटीचं मत घेऊन आबांपुढे जाणं उद्धटपणाचं. गावातल्या नऊही घरच्या बायकांचं इलेक्शन घ्यायचं, त्याच मंगळवारी. राहायचं तर तांदळाचा एक दाणा, जायचं तर नाचणीचा. मडक्यावर फडकं, म्हणजे गुप्त.

घरोघर सांगून आले. शेजारची रंभाबाई म्हणाली, नवऱ्यानं विचारलं तर काय सांगू? गुप्त आहे म्हणून सांग, म्हटलं. तर म्हणते, मग तर तो पाठच सोडायचा न्हाई.

४ नोव्हेंबर, दुपार

सगळ्या आल्या. पण प्रत्येकीच्या पदरात मापभर तांदूळ. नाचणी एकीचीही नाही. पलीकडच्या घरच्या बानूबाईला आठवण दिली, एकच दाणा ठरला होता.

"एक दाना घिऊन कुनाच्या दारी जात्यात व्हय, पोरी? आन् तुमच्या मडक्यात नाचनी टाकून आमची अब्रू घालवू?"

म्हणजे एकमत. छान. फक्त बानूबाईने दोन मापं ओतली. तिची मतं दुप्पट धरणं न्यायाचं नाही. मोजायला बसले.

संध्याकाळ

चार हजार एकशे बारा. मडकं होतं तेवढंच भरलेलं दिसतं. निकाल लागला की बोलणार. अर्धवट मोजणीवर बोलले तर उद्या कुणी आक्षेप घेईल.

६ नोव्हेंबर

कंपनीचे कारकून हैबतराव दुपारी कागद घेऊन आले. तो मीच वाचून दाखवला. कुठे अडखळले नाही. हैबतरावसुद्धा म्हणाले, मुलगी हुशार आहे.

आबांनी अंगठ्याला शाई लावली आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"तुला काय वाटतंय, पोरी? तू म्हनशील तसं."

"मोजणी व्हायची आहे, आबा," मी म्हणाले.

आबांनी शाईचा अंगठा कागदावर धरला. मग म्हणाले, अंगठा कुठं द्यायचा तेवढं तरी दाव. दाखवलं.

पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून आईने हैबतरावांचं पान मांडलं. नवं भात अजून खळ्यावर, घरातले तांदूळ संपलेले. तिने मडक्यातले घेतले. मी काही बोलले नाही. आई घाईत होती. हैबतरावांनी दोनदा भात मागून घेतला.

१९ नोव्हेंबर

आबांनी दिला म्हणून बाकीच्या आठ घरांनीही अंगठे दिले. आमची भांडी बांधून झाली. बानूबाई येता-जाता माझ्याशी बोलत नाही. कामात असेल.

चाचांकडून मीठ आलं. त्याच्या कागदावर निकाल. आमच्या कॅन्डिडेटला एकच प्रांत मिळाला. पण त्यातून एक गोष्ट कळली. तिथे दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान असतं. बोटांवर मोजलं, दोनदा पडताळलं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर १९२८. त्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या आधी, मी आबांना स्पष्ट सांगणार की अंगठा देऊ नका.